शेणगॅसवर डिझेल पंप: कॉक बंद करून दाखवणाऱ्यापासून सावध

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, उन्हाळ्यात व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी 5 एचपीच्या डिझेल पंपाने चढवावं लागतं. गोठ्यामागे 2 घनमीटरचा गोबर गॅस आहे. त्याची चौकशी करतच एकजण घरी आला नि बाबांना म्हणाला, "काका, इंजिन शंभर टक्के गॅसवर करून देतो. डिझेलचा थेंब लागायचा नाही." कीट 35,000 रुपयांचं.

त्याने हवेच्या फिल्टरजवळ गॅसची नळी जोडली, वायरी निघालेली एक सीलबंद पेटी बसवली आणि डिझेल टाकीचा कॉक बाबांनाच बंद करायला लावला. इंजिन धडधडत राहिलं, बराच वेळ. शेजारी बघायला जमले होते. पैसे त्यांच्यासमोरच दिले.

मेख अशी, की कॉक बंद केला तरी डिझेल फिल्टरच्या भांड्यात आणि नळीत डिझेल उरतंच. पंपाचा पट्टा त्याने आधीच उतरवला होता, 'नवीन कीट आहे, गरम नको' म्हणून. बिनभाराचं इंजिन तेवढ्यावर मजेत चालतं. त्यात गॅस आत येऊ लागला की इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल आपोआप कमी करतो, म्हणजे उरलेलं आणखी पुरतं!

पट्टा चढवून कॉक बंद केल्यावर मात्र पाणी वर यायच्या आत इंजिन बसलं. फोन केला तर म्हणे, "थोडं डिझेल लागतंच काका, कॉक उघडा ठेवा."

लागणारच. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेट घेतं. गॅसमधला मिथेन तेवढ्या उष्णतेने पेटत नाही, त्याला डिझेलची ठिणगी हवी. तसं चालवलं तर साधारण 70-80 टक्के डिझेल वाचू शकतं, आणि तेवढंच सांगणारा मेकॅनिक प्रामाणिक. निव्वळ गॅसवर न्यायचं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते, 17-18 वरून 10-12 च्या आसपास उतरवावं लागतं, डिझेल आत फवारणाऱ्या इंजेक्टरच्या जागी प्लग बसवावा लागतो. आमच्या इंजिनाच्या हेडला (सिलिंडरच्या झाकणाला) त्याने पानासुद्धा लावला नव्हता. पेटी फोडली तर आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, कशालाच न जोडलेलं.

शिवाय 5 एचपीला पूर्ण भारावर तासाला सव्वादोन घनमीटर गॅस लागतो. आमचा दिवसभराचा 2 घनमीटर गॅस तासाभरात संपला असता, चूल बंद ठेवून, आणि वाचलं असतं जेमतेम लिटरभर डिझेल. गॅसमधलं हायड्रोजन सल्फाइड काढायला लोखंडाच्या किसाचा फिल्टर लागतो, तोही दिला नव्हता. तसाच गॅस इंजिनात गेला तर ऑइल आम्लट होतं नि आतले बुश (बेअरिंग) खातं.

कोणी असं प्रात्यक्षिक दाखवलं तर पंप भारावर ठेवायला लावा आणि इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करायला सांगा. निव्वळ गॅसवरचं इंजिन तरीही चालू राहील.

आणि पावती वाचून घ्या. आमच्या पावतीवर 'इंजिन सर्व्हिसिंग व पाइप फिटिंग' एवढंच होतं. तक्रार द्यायला गेलो तेव्हा पोलिसांनी पहिलं बोट त्याच ओळीवर ठेवलं.