हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: तिथी पाहून चालायची वाट

डोंगर आणि समुद्र एकाच फेरीत दाखवून निघालो तिथेच परत आणून सोडणाऱ्या पायवाटा कोकणात फारशा नाहीत. किनाऱ्यालगतच्या वाटा बहुधा एका पुळणीवरून दुसऱ्या पुळणीवर नेऊन सोडतात आणि परतीसाठी एसटीकडे डोळे लावून बसावे लागते. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात असलेला हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग याला अपवाद आहे. देवळाच्या बाजूने डोंगर चढायचा, घळीतील पायऱ्यांनी थेट समुद्रावर उतरायचे आणि डोंगर उजव्या हाताला ठेवून लाटांनी तासलेल्या कातळावरून पुन्हा देवळापाशी यायचे, असा हा वळसा आहे. रमतगमत चाललो तरी तो सकाळच्या एका प्रहरात आटोपतो. दमछाक होते ती सुरुवातीच्या चढावरच, आणि तीही माफक.

ही वाट मुळात भाविकांची आहे. हरिहरेश्वर हे पेशव्यांच्या भट घराण्याचे कुलदैवत. त्यांचे मूळ गाव श्रीवर्धन येथून जवळच आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम पाळून मंडळी प्रदक्षिणेला निघतात. मात्र केवळ पायी हिंडण्याच्या हौसेने येणाऱ्यालाही ही वाट तितकीच मोकळी आहे आणि या लेखात मी तिच्याकडे त्याच दृष्टीने पाहणार आहे.

चढाचा भाग नीट बांधलेला असला तरी त्याच्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. माथ्यावर वारा अंगावर येतो आणि खाली समुद्राचा मोठा पट्टा उलगडतो, एवढे पुरे. खरी वाट सुरू होते ती घळीपासून. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून खाली जाणारी पायऱ्यांची अरुंद रांग. समुद्र दिसतो तो समोरच्या फटीएवढाच, आवाज मात्र दुपटीने वाढून वर येतो. येथे घाई करणाऱ्यांची मला नेहमी गंमत वाटते, कारण या मार्गावर सावली आणि गारवा एकत्र मिळण्याचे ठिकाण हेच.

खाली उतरल्यावर पायाखाली येतो तो दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, आधार गेलेला वरचा भाग कोसळतो, पडलेले दगड समुद्र झिजवून ओढून नेतो आणि मागे उरतो तो हा सपाट ओटा. भूगोलाच्या पुस्तकात ‘तरंगघर्षित मंच’ म्हणून ज्याची आकृती काढावी लागली, त्यावरून प्रत्यक्ष चालण्याची संधी येथे मिळते. त्याहून पाहण्यासारखी आहे ती उजव्या हाताची भिंत. तिच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे: काही छिद्रांत करंगळी जेमतेम जाते, काहींत मूठ मावते, आणि दोन छिद्रांमधली भिंत कोठे कोठे इतकी पातळ उरते की हात लावायला धजावत नाही. खारे तुषार दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक आतल्या आत वाढतात आणि दगडाचे कण सुटे होऊन गळतात. जाळी घडते ती अशी. हात फिरवल्यास बोटांना खरखरीत भुकटी लागते. नावे कोरण्याची हौस असणाऱ्यांनी या भिंतीपासून दूर राहावे.

वाटेत गायत्रीतीर्थ, पांडवतीर्थ, विष्णुपद अशी तीर्थस्थाने येतात. मला त्यांच्यापेक्षा कातळातील डबकी अधिक गुंतवून ठेवतात. ओहोटीत मागे राहिलेल्या त्या पाण्यात बारीक मासे असतात, आणि सावली पडताच दिसेनासे होणारे खेकडेही.

आता मुख्य मुद्दा. हा मार्ग दिवसभर खुला नसतो. भरतीला लाटा थेट कड्याला भिडतात आणि मधल्या टप्प्यात वर चढायला जागा नसते, म्हणून येथे येण्याची तारीख सुट्टी पाहून ठरवण्याऐवजी तिथी पाहून ठरवावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशोब अजूनही अंदाजासाठी चालतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा; ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे अगदी पहाटे किंवा संध्याकाळी. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, असल्यामुळे पाणी फारसे हटत नाही आणि कातळही तापलेला असतो. माझ्या मते कोणत्याही पक्षातील द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सर्वांत चांगले: उधाणाचा जोर अजून टिकून असल्याने पाणी भरपूर मागे जाते आणि पूर्ण ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. मी उतरलो होतो त्या खाणावळीच्या काकूंनी चहाचा कप पुढे करताना न विचारताच सांगितले, “आज तृतीया आहे. दहाच्या आत खडपावरून वर या हो.” त्यांचा हिशोब आणि भरतीचे छापील वेळापत्रक यांत फारसा फरक निघाला नाही. तरीही तिथीवर अंदाज बांधावा आणि वेळ त्या दिवसाच्या तक्त्यावरून पक्की करावी, हे बरे.

या मार्गाविषयी माझी तक्रार नेमकी येथेच आहे. बाहेरगावच्या माणसाला ही माहिती काकूंकडून किंवा गुरुजींकडून मिळाली तर मिळते. घळीच्या तोंडाशी, जेथून खाली उतरण्याचा निर्णय होतो तेथेच, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिलेला साधा फळा असायला हवा. चटकन नजरेत भरेल असा तो मला दिसला नाही. या कातळावरून लोक वाहून गेल्याच्या दुःखद घटना घडलेल्या आहेत, हे लक्षात घेता एवढा खर्च जड नाही.

पादत्राणांबाबत भाविक आणि भटके यांचे मत जुळणार नाही. अनवाणी प्रदक्षिणेचा नेम असेल तर जरूर पाळावा, पण दगडाला चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या लागतात आणि शेवाळ धरलेल्या जागी पाय ठरत नाही. इतरांनी खाचांच्या रबरी तळव्याचे बूट घालावेत. पळण्याचा विचार करणाऱ्यांनी हा मार्ग सोडून द्यावा. त्यांच्यासाठी श्रीवर्धनहून आरावी, शेखाडीमार्गे दिवेआगरकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता आहे, चढउतारही पुरेसे आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी माथ्यापर्यंत जाऊन परतावे. पावसाळ्याचे चार महिने तर कोणीच खाली उतरू नये.

सकाळी लवकर फेरी झाली तर उरलेल्या दिवसात जवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरता येते आणि बाणकोटचा किल्ला पाहता येतो. गाडीही बोटीवर चढते.