टॅपेटचा आवाज गेला आणि व्हॉल्व्ह जळला

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. टॅपेट सेटिंगच्या, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हवरची बारीक फट जुळवण्याच्या नावाखाली मला फसवलं गेलं आणि ते कळायला पाच महिने गेले, कारण त्या कामानंतर गाडी आधीपेक्षा छान चालते आहे असंच मला वाटत होतं.

माझं इंजिन साधं आहे. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाला ती फट जुळवायचा स्क्रू आणि लॉकनट. सकाळी चालू केलं की वरून टिकटिक यायची. एका मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, "टॅपेट ढिले झालेत साहेब, अर्ध्या तासात करून देतो." मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने गाडी खरोखर शांत झाली होती. बिलात दोन गोष्टी होत्या, टॅपेट सेटिंग आणि टॅपेट कव्हरचं नवीन पॅकिंग. मी समाधानाने पैसे दिले.

मी गाडी चालवत नेली होती, म्हणजे इंजिन चांगलंच तापलेलं होतं. माझ्या गाडीच्या पुस्तकात या फटीचं अंतर थंड इंजिनवर दिलं आहे, इनलेटला 0.15 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला 0.20. काही इंजिनांना गरम असतानाचा आकडा देतात, माझ्याला नाही. थंड व्हायला कित्येक तास लागतात. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आवाज जाणं म्हणजे काम होणं नव्हे, हे मला फार उशिरा समजलं. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये ठेवलेली ती बारीक फट मुद्दाम असते. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबीला वाढतो आणि त्या वाढीला जागा लागते. जागाच नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही, किंचित उघडा राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड 700 अंश सेल्सिअसच्याही वर तापतं आणि त्यातली बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. इंजिन 3000 आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो, म्हणजे थंड व्हायला मिळतो तो मधला क्षणभरच. तोही काढून घेतला की कड जळायला लागते. ढिल्या टॅपेटचा निदान आवाज येतो, आवळलेल्याचा काहीच येत नाही. स्क्रू आवळून आवाज घालवणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि त्या मिस्त्रीने नेमकं तेच केलं होतं.

पाच महिन्यांनी आयडलिंगला गाडी हलायला लागली. चढावर दम नव्हता आणि सायलेन्सरमधून फट्-फट् असा अनियमित आवाज येत होता. मी त्याच माणसाकडे गेलो. त्याने काहीही न मोजता सांगितलं, "हेड उतरवावं लागेल. आठही व्हॉल्व्ह, गाइड, सीट, सगळं गेलंय." ते ऐकून मी गाडी तशीच घरी आणली.

रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी पहिल्यांदाच स्वतः कव्हर उघडलं. ते निघेना. कडेने सिलिकॉन फासलेलं होतं. खाली कॉर्कचं जुनंच पॅकिंग, काळं पडलेलं, बोटाने दाबलं की तुकडे पडत होते. नवीन पॅकिंगचे पैसे मी भरले होते!

मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. प्लग काढून ठेवले की ते हलकं फिरतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 असल्याने चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले की पहिल्याचे मोजायचे, दुसऱ्याचे हलले की तिसऱ्याचे, आणि उलटही तसंच. फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पाती हलकीशी अडकत सरकली पाहिजे. तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये 0.05 ची पातीसुद्धा शिरली नाही. पहिल्याच्या एक्झॉस्टमध्ये ती जेमतेम गेली. उरलेले सहा वेगवेगळ्या अंतरांवर होते, एकाचंही पुस्तकाशी जुळत नव्हतं. गेज न लावता, नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळलेले.

आठही नीट सेट केले. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर प्रत्येक ठिकाणी पुन्हा पाती घालून पाहिली. पहिला सिलिंडर सुधारला, पण तिसऱ्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, इतरांच्या निम्म्यावरच राहिलं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. दोष पिस्टनच्या रिंगचा असता तर आकडा वाढला असता, तो वाढला नाही. दुसऱ्या मेकॅनिकने हेड काढून माझ्या हातात व्हॉल्व्ह दिला. कडेला नखाएवढा तुकडा जळून गेलेला, बाकी गोल शाबूत. सीट घासून घेतली आणि तो एकच व्हॉल्व्ह बदलावा लागला. आठ नव्हे, एक!

तुम्ही हे काम बाहेर करून घेत असाल तर गाडी आदल्या दिवशीच ठेवा. काम चालू असताना शेजारी उभे राहा, फिलर गेज हातात दिसतं का ते पाहा आणि जुनं पॅकिंग परत मागा. आधी कव्हरच्या नटांवर मार्करने रेघ ओढून ठेवली तर कव्हर उघडलं की नाही तेही कळतं. आणि गाडीत हायड्रॉलिक, म्हणजे फट आपोआप जुळवणारे, टॅपेट असतील तर बहुतेक इंजिनांत हे सेटिंग नसतंच. त्याचे पैसे कोणी मागत असेल तर आधी गाडीचं पुस्तक उघडा.

जुन्या पॅकिंगचे तुकडे आणि बिल घेऊन मी त्या मिस्त्रीकडे गेलो. "पोऱ्याकडून राहिलं असेल," एवढंच तो म्हणाला. पैसे परत मिळाले नाहीत.

नवीन व्हॉल्व्ह बसवल्यानंतर हजार किलोमीटरने मी पुन्हा कव्हर उघडलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टचं अंतर 0.20 वरून 0.17 वर आलं होतं. नवा व्हॉल्व्ह सीटवर बसताना तेवढं होतं. ते पुन्हा 0.20 केलं.