फेट कोअरसोबत आठ महिने: फोंड्यातला राखणदार आणि २१६१ सालचा गोवा

मार्चमध्ये शिगमो आटोपला आणि त्याच आठवड्यात आम्ही पाच जणांनी फेट कोअर हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ (रोल-प्लेइंग गेम) खेळायला घेतला. आता दिवाळी होऊन गेली. मधल्या आठ महिन्यांत २२ बैठका झाल्या, बहुतेक फोंड्याला आमच्या घरच्या सोप्यावर, त्यातल्या दोन वीज गेल्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात. पहिल्या १२ बैठका आजच्या गोव्यातल्या सुपरहिरोंच्या, पुढच्या दहा विज्ञानकथेच्या. एवढं खेळल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. नियम दोन दिवसांत वाचून होतात, पण आपण बनवलेलं पात्र जिवंत आहे की नुसतं कागदावर आहे, हे सातव्या-आठव्या बैठकीपर्यंत कळत नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण सूत्रधार असतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात. आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सने या खेळांची सुरुवात केली. पुढे १९७७ चा ट्रॅव्हलर अवकाशात गेला आणि १९८१ चा चॅम्पियन्स सुपरहिरोंकडे. फेट त्या मानाने अलीकडचा. रॉब डोनोह्यू आणि फ्रेड हिक्स यांनी तो फज नावाच्या जुन्या पद्धतीवर उभा केला, आणि आम्ही वापरतो ती कोअर आवृत्ती २०१३ ची. नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो, त्यामुळे तो आपल्या भाषेत आणायला कोणाची आडकाठी नाही. आमच्यासाठी हेच निर्णायक ठरलं.

याआधी आम्ही महिनाभर म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स खेळून पाहिला होता. तिथे दहाव्या पातळीच्या नायकाला १५० गुण मिळतात आणि ते शक्तींवर खर्च करायचे. नेम आणि मार यांची बेरीज २० च्या पुढे जाऊ द्यायची नाही, असे मोजूनमापून घातलेले बांध आहेत. मला स्वतःला ती शिस्त आवडते. माझा भाचा तर बारावीच्या गणितासारखा त्यात रमला. पण गटातल्या सरांनी (निवृत्त शिक्षक, गावच्या जत्रेतल्या नाटकांत चाळीस वर्षं उभे राहिलेले) दुसऱ्या संध्याकाळी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हा माणूस उडतो हे कळलं. पण तो घरी का जात नाही, ते कुठे लिहायचं?"

फेटमध्ये ते सगळ्यात वर लिहायचं असतं. पात्राच्या कागदावर आधी आकडे येत नाहीत, वाक्यं येतात. अशा पाच वाक्यांना मूळ नियमांत अॅस्पेक्ट म्हणतात. पहिलं वाक्य पात्र मुळात कोण आहे ते सांगतं, दुसरं त्याला काय सतावतं ते. उरलेली तीन पात्रांच्या आधीच्या आयुष्यातून येतात, आणि त्यातली दोन दुसऱ्या खेळाडूंच्या गोष्टीत आपल्या पात्राने काय केलं त्यातून. ही शेवटची युक्ती मला फार मोलाची वाटते. पहिल्या बैठकीला पात्रं एकमेकांना ओळखत असतात, 'तुम्ही सगळे एका हॉटेलात भेटता' असला प्रवेश रचावा लागत नाही.

सुरुवातीला आम्ही ही वाक्यं इंग्रजीत लिहिली, कारण नियम इंग्रजीत. तीन बैठका फुकट गेल्या. प्रत्येक नायक कुठल्या तरी परदेशी शहराच्या गच्चीवर उभा असल्यासारखा बोलायचा. चौथ्या बैठकीला आम्ही खेळलोच नाही, फक्त शब्द ठरवत बसलो. अॅस्पेक्टला 'ओळख'. स्टंटला, म्हणजे पात्राच्या खास करामतीला, 'हातखंडा', यावर लगेच एकमत झालं. बैठकीच्या सुरुवातीला हातात असणाऱ्या तीन फेट पॉइंटांना 'शिदोरी'. एक पॉइंट मोजून आपली ओळख आपल्याच उपयोगाला आणायची आणि फाशाला दोनची भर घालायची, त्याला 'साद'. सूत्रधार पात्राच्या ओळखीवर बोट ठेवून त्याला संकटात ओढतो आणि बदल्यात एक पॉइंट देतो, त्याला 'गळ घालणे'. यात आर्जवही आलं आणि आमिषही आलं. मूळ शब्दापेक्षा हा मला जास्त नेमका वाटतो.

दुसऱ्या वाक्याचा शब्द सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'अडचण' फार कोरडा, 'खोड' फार लहान. माझी आई आतून चहा घेऊन आली, आम्ही कशावर वाद घालतोय ते तिने ऐकलं आणि म्हणाली, "अरे, मग घोर म्हणा की." जिवाला लागलेला घोर. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक पात्राला एक घोर आहे, आणि तो लिहून झाल्याशिवाय शक्तींबद्दल बोलायचं नाही असा आमचा नियम आहे.

सरांचं पात्र उदाहरण म्हणून सांगतो. गोव्यात गावोगावी राखणदाराची श्रद्धा आहे. रात्री काठी टेकत शिवेवरून फिरणारा, चुकलेल्याला वाटेला लावणारा. लोक त्याला रोट देतात, वहाणा वाहतात. सरांनी २०१२ साली खाणी बंद पडल्यावर घरी बसलेला बार्जवरचा तांडेल घेतला आणि त्याच्या अंगात ते राखणदारपण घातलं. मुख्य ओळख: 'शिवेच्या आत अजिंक्य.' घोर: 'धाकटा मुलगा शिवेबाहेर राहतो.' एवढ्या सहा-सात शब्दांत अख्खं नाटक आहे. गावात तो ट्रक अडवू शकतो, शीव ओलांडली की गुडघे दुखणारा म्हातारा होतो, आणि त्याला जिथे जावंसं वाटतं ते ठिकाण नेमकं शिवेपलीकडे आहे. गुणांच्या पद्धतीत अशा मर्यादेमुळे शक्ती थोडी स्वस्त पडली असती, एवढंच. इथे त्या मर्यादेवरच खेळ चालतो.

पणजीला नोकरी करणाऱ्या आमच्या मैत्रिणीने 'भरती' नावाची नायिका घेतली, पाणी चढवणारी आणि उतरवणारी. तिचा पहिला घोर होता 'रागावर ताबा नाही'. चार बैठका तो कागदावर नुसता पडून राहिला. कोणालाही लागू पडणारं वाक्य कोणालाच धरत नाही. मग तिने तो बदलला: 'माझ्याच लाटेने मामाची होडी फुटली, त्याला अजून सांगितलेलं नाही.' पुढच्याच बैठकीत मामा तिच्याकडे मदत मागायला आला आणि सोप्यावर कोणी बोलेना. नव्याने पात्र करणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे: घोरात एक माणूस, एक जागा आणि एक न बोललेली गोष्ट असू द्या.

फाशांचं सांगतो. फेटचे फासे वेगळे असतात, चार फासे, प्रत्येकावर दोन बाजूंना अधिक, दोन बाजूंना उणे, दोन कोऱ्या. ते मिळाले नाहीत म्हणून आम्ही ल्युडोचेच चार घेतले: एक-दोन म्हणजे उणे, तीन-चार कोरे, पाच-सहा अधिक. एकूण ८१ शक्यतांपैकी १९ वेळा बेरीज शून्य येते आणि अधिक चार फक्त एकदा. त्यामुळे फासा क्वचितच पात्राला तोंडघशी पाडतो. ज्याचं कसब चांगलं तो बहुतेक वेळा चांगलाच ठरतो, आणि सुपरहिरोंच्या गोष्टीला ते शोभतं. शिदोरीसाठी आम्ही कुळागरातल्या सुपाऱ्या वापरतो. सुपारी समोर सरकवली की गळ घातल्याचं सगळ्यांना दिसतं, शब्दात सांगावं लागत नाही.

माझ्याकडून झालेली मोठी चूकही लिहितो. गळ घालायची मला चटक लागली. प्रत्येक बैठकीत राखणदाराचा मुलगा संकटात: कधी अपघात, कधी अपहरण, कधी पुरात अडकलेला. सहाव्या वेळी सर म्हणाले, "माझ्या पोराला एक दिवस सुखाने जेवू दे बाबा." त्यांचं बरोबर होतं. नियमांत गळाचे दोन प्रकार दिले आहेत, एक घटनेचा, दुसरा निर्णयाचा. मी पहिल्यावरच बसलो होतो. दुसऱ्या प्रकारात बाहेरून काही कोसळत नाही, पात्र स्वतःच्या स्वभावाने चुकीचा निर्णय घेतं. पुढच्या बैठकीत मी मुलाचा फक्त फोन आणला: "बाबा, येत्या रविवारी घर बघायला या." सुपारी पुढे केली. सरांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं, उचलली, आणि फोन ठेवून दिला. 'कामात आहे' असं त्यांच्या पात्राने मुलाला सांगितलं होतं. आठ महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता प्रसंग तोच.

आता जग बनवण्याबद्दल. फेट सांगतो, नकाशा काढत बसू नका, दोन प्रश्न ठरवा: आत्ता काय पेटलेलं आहे आणि पुढे काय येऊ घातलं आहे. मग त्या प्रश्नांना चेहरे द्या, जागा द्या. आम्ही २१६१ साल घेतलं, मुक्तीनंतरचं दोनशेवं वर्ष. समुद्र चढलेला आहे, दिवाडी आणि चोडणच्या खाजनांचे (खाडीकाठच्या खारजमिनींचे) बांध आता भिंतींएवढे उंच आहेत. पेटलेला प्रश्न: 'मानशीची दारं कोणाच्या हातात?' (मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप.) येऊ घातलेला: 'खाणीच्या तळातून काहीतरी वर येतंय.'

हे विषय आमच्या अंगणातले आहेत म्हणून चालले. खाजनाच्या बांधातली मानस कशी चालते ते इथल्या शेतकऱ्याला माहीत असतं: भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की दार मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. मोटर नाही, वीज नाही. तिथल्या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. विज्ञानकथेला याहून चांगलं यंत्र मी शोधून काढू शकलो नसतो. २१६१ साली सगळी स्वयंचलित यंत्रणा बंद पडली आणि फक्त जुन्या लाकडी मानशी चालू राहिल्या, तर सत्ता कोणाकडे जाईल? या एका प्रश्नावर चार बैठका निघाल्या. डिचोलीकडचे पाण्याने भरलेले खाणीचे खड्डे आमच्या गोष्टीत गोड्या पाण्याचे शेवटचे साठे झाले.

पण इथे फेट कमी पडतो. जगाचा हिशोब जुळतो का, हवा किती, पाणी किती, माणसं किती, याला तो हात लावत नाही. विज्ञानकथेत हे सैल राहिलं की खेळाडू चौथ्या बैठकीला विचारतोच, "एवढ्या लोकांना तांदूळ कुठून येतो?" त्यासाठी मी ट्रॅव्हलरची जगाची सांकेतिक ओळ उसनी घेतली. बंदराचा दर्जा, ग्रहाचा आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन, कायदा, तंत्रज्ञान, प्रत्येकाला एकेक अक्षर किंवा अंक. पाण्याचा सात म्हणजे साधारण ७० टक्के पृष्ठभाग, आपल्या पृथ्वीसारखा. लोकसंख्येचा अंक दहाचा घात असतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती, म्हणजे अंक सहा. २१६१ साठी मी पाच धरला, आणि एका अंकाच्या घसरणीमागे किती लाख माणसं गेली हे खेळाडूंना मोजून सांगितल्यावर सोप्यावरचा रंगच बदलला. परग्रहावरच्या दोन वस्त्यांसाठी स्टार्स विदाउट नंबर या विज्ञानकथेच्या खेळाच्या मोफत आवृत्तीतली पद्धत वापरली. तिथे प्रत्येक जगाला दोन खुणा लावायच्या आणि त्यांचा एकमेकींशी झगडा काय ते शोधायचं. घाईच्या आठवड्यात ती मला फार उपयोगी पडली.

आणखी दोन उणिवा. एक पात्र डोंगर उचलतं आणि दुसरं फक्त हुशार आहे, तेव्हा मारामारीत दोघांना एकाच शिडीवर तोलणं सूत्रधाराच्या समजुतीवर राहतं. आम्हाला त्यासाठी घरचे नियम करावे लागले. मूळ १८ कसबांच्या यादीत गाडी हाकणं आहे, होडी वल्हवणं नाही. ते आम्ही बदललं, आणि नियमच तसं करायला सांगतात. दुसरं, हा खेळ लाजाळू माणसाला सुरुवातीला जड जातो. आमच्या पाचव्या गड्याने पहिले दोन महिने साद घातलीच नाही, सुपाऱ्या नुसत्या साठवल्या. त्याला कोणी घाई केली नाही हे बरं झालं. आता तोच सगळ्यात नेमके घोर सुचवतो, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही.

ज्यांना आकड्यांत बांधलेल्या शक्तींची मजा हवी त्यांनी म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स घ्यावा, भाचा अजून त्याच मताचा आहे. ज्यांच्या गटात एकही नाटकवेडा माणूस आहे त्यांनी फेट घ्यावा आणि पहिली संध्याकाळ शब्द ठरवण्यात घालवावी.

गेल्या रविवारी २१६१ ची नवी फेरी सुरू झाली. मी सगळ्यांना नवीन पात्रं करायला सांगितली होती. सर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेऊन आले: राखणदार, तोच, तेव्हापासून न मेलेला. मुख्य ओळख तीच ठेवली होती, 'शिवेच्या आत अजिंक्य.' खाली नवा घोर होता: 'शीवच पाण्याखाली गेली, आता उभा कुठे राहू?' मी पहिली सुपारी त्यांच्यापुढे सरकवली.