भोकामागे ६५ रुपये

आकडा आधीच सांगते: ३४,५०० रुपये. ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये, भर दुपारी, एका पेस्ट कंट्रोलवाल्याला चहा पाजून दिले.

मला लाकडाचे चमचे, उलथणी कोरायचा नाद आहे. यंदाच्या पावसात गल्लीत पर्जन्यवृक्षाची फांदी कोसळली. कापून रस्त्याकडेला टाकलेले काही तुकडे आणून मी बाल्कनीत गोणपाटाखाली ठेवले. पुढे एकदा पटाशी लावायला गेले तर सालीवर राईहूनही बारीक, पांढुरके किडे पळत होते. आईला दमा, घरात बरंचसं फर्निचर प्लायवूडचं. फोनवर शोधलं, पहिला आला तो नंबर लावला. तुम्हीही तेच केलं असतं.

तपासणीचे ४९९. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. ओंडक्यांकडे धड बघितलंही नाही. "ताई, बोरर आहे, लाकूड पोखरणारा किडा, घरभर पसरलाय," म्हणत थेट बेडरूममध्ये शिरला. कपाटाखाली हात घातला, मूठ बाहेर काढून उघडली, तर तळहातावर पिवळट भुकटी. "बघा, आतून सगळं खाल्लंय."

ते कपाट लोखंडी आहे.

रोज रात्री हेच आठवतं. लोखंडी कपाट, त्याखालून लाकडाचा भुसा, आणि मी म्हणतेय "अरे बापरे". ओंडक्यांना ना भोक होतं, ना त्यांच्याखाली कणभर भुकटी. पण कपाटाला लागूनच लाकडी पलंग आहे, भुसा तिकडून सरकला असेल असं कुणालाही वाटलं असतं. मागे आई खोकत होती, हा श्वास न घेता बोलत होता. आणि किडे तर मी स्वतः पाहिले होते, ते काही त्याने खिशातून आणले नव्हते! या लोकांचं पोट यावरच चालतं, अर्धं खरं आपल्याच घरात असतं.

दर विचारला होता हं मी. "पासष्ट रुपये, ताई, ठाण्यात सगळ्यात कमी." मी धरलं चौरस फुटाला. पलंग आणि दारं मिळून सव्वाशे फूट, म्हणजे आठ हजारांच्या आत-बाहेर. दोन पोरांनी ड्रिल घेऊन, औषध सोडायला म्हणून पलंग, दारं, चौकटी टोचून काढल्या. बिल आलं ते भोकावर. ४१२ भोकं, २६,७८०. तपासणी ४९९. 'सर्टिफिकेट' २,०००. वर १८ टक्के जीएसटी ५,२७०, आणि बिलावर जीएसटी नंबरच नाही. एकूण ३४,५४९. वरचे ४९ त्याने सोडले, मनाचा मोठेपणा! त्यामुळे दर कशाचा ते कागदावर लिहून घ्या, काम सुरू व्हायच्या आधी.

बेडरूम बंद करून 'गॅसच्या गोळ्या' ठेवतो, आणखी ४,५०० द्या, असंही म्हणाला. आईमुळे मी नको म्हटलं. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन सुटतो, माणसं दगावतात. राहत्या घरात त्या कुणालाही ठेवू देऊ नका.

नंतर कळव्याचे ओळखीचे सुतारकाका आले. ओंडका हातात घेतला आणि हसले. ओल्या लाकडावरच्या बुरशीवर जगणारे किडे ते, लाकूड पोखरतच नाहीत. साल काढा, वाऱ्यावर सुकवा, आपोआप जातात. खरा बोरर असेल तर एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि मैद्यासारखी भुकटी, वाळवी असेल तर मातीच्या नळ्या. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापलं तरी किडे मरतात. हे सगळं फुकट.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत: "मॅडम, पैसे तुम्हीच दिलेत ना? मग चोरी कशी? दिवाणी मामला आहे." बँकेत: "पिन तुम्हीच टाकलात." वॉर्डात: "आम्ही फक्त डासांची फवारणी बघतो." कीटकनाशक कायदा १९६८ चा. धंदा म्हणून पेस्ट कंट्रोल करायला परवाना लागतो, म्हणून परवाना देणाऱ्या कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, त्याचा परवाना क्रमांक आणा, मग बघू. अहो, तो नाही हीच तर तक्रार आहे! पुन्हा चौकीत गेले तर साहेबांनी मलाच विचारलं, "ते लाकूड कुठून उचललंत? परवानगी होती का?" घरात ४१२ भोकं पाडून घेतलेली बाई, आणि चौकशी तिचीच! झाडं तोडण्याबद्दलचा १९७५ चा कायदा मलाही माहीत आहे, मी फांदी तोडली नव्हती, पडलेली उचलली होती. (येऊरमधून मात्र काडीही आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.) तो माणूस आजही तोच नंबर वापरतोय, हे सांगितलं तर उत्तर काय? "ब्लॉक करा."

परवान्याची प्रत दाखवल्याशिवाय कुणालाही दारात घेऊ नका. ओळखपत्र कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात छापून मिळतं.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. ठाण्यात आणखी कुणाला भोकावर बिल लावलं असेल तर ते फाडू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही जपून ठेवा आणि मला कळवा. माझ्या बिलावर जांभळा गोल शिक्का आहे आणि 'ट्रीटमेंट' हा शब्द चुकीचा लिहिलाय.