कोकणातील परसबागेसाठी कोणती मधमाशी : सातेरी, मेलिफेरा की पोयाची माशी?

कोकणात घराच्या परसात पहिली मधपेटी ठेवू पाहणारा बहुधा मध किती मिळेल हे आधी विचारतो. माझ्या मते त्याआधी, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही माशी काय खाऊन जगेल, हे विचारले पाहिजे. आंबा, काजू आणि पाठोपाठ जांभूळ यांच्या फुलोऱ्यामुळे डिसेंबर ते एप्रिल हा काळ सुबत्तेचा असतो. पण एकदा पावसाने जोर धरला की नारळाच्या फुलोऱ्याखेरीज जवळपास फारसे काही उरत नाही, आणि सततच्या सरींमुळे माशीला तेथवर जाणेही जमत नाही.

या कसोटीवर मेलिफेरा परसबागेसाठी सर्वांत आधी बाद होते. 1962 साली आजच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे यशस्वीपणे रुजवलेली ही युरोपीय माशी आपल्या देशी सातेरीपेक्षा कितीतरी अधिक मध देते, हे खरे. मात्र ते उत्पादन दहा चौकटींच्या (माश्या ज्यांत पोळे बांधतात त्या लाकडी चौकटी) जड पेट्या हंगामानुसार एका फुलोऱ्याकडून दुसऱ्याकडे हलवणाऱ्या व्यावसायिकाचे असते. पेटी बारा महिने एकाच वाडीत ठेवायची असेल, तर पावसाळ्यात साखरेचा खर्च आणि व्हरोआ या परजीवी कोळ्याचा बंदोबस्त एवढेच वाट्याला येते.

सातेरी इथलीच. तिची आठ चौकटींची पेटी एकट्याने हाताळता येते आणि माशी जवळच्याच फुलांवर फिरत असल्याने लहान वाडीही तिला पुरते. झाकण उघडताच साऱ्या वसाहतीतून एकदम फूत्कार उठतो, तेव्हा नवखा माणूस दचकतो. पण धूर बेताने देऊन चौकट सावकाश उचलली, तर सातेरी सहसा अंगावर येत नाही. गांधीलमाशी दारात आली तर कामकरी माश्या तिच्याभोवती घट्ट गोळा होऊन अंगच्या उष्णतेनेच तिला मारतात, आणि हे कसब मेलिफेरात तितके विकसित झालेले नाही. सातेरीचा मोठा दोष असा की उपासमार, मुंग्या किंवा मेणकिडा यांचा त्रास वाढला की ती पेटी सोडून निघून जाते. म्हणून पावसाळ्यात साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवणे, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करणे आणि माश्यांनी न व्यापलेल्या जुन्या चौकटी काढून घेणे, ही कामे टाळता येत नाहीत. चांगल्या हंगामात एका पेटीतून पाच ते दहा किलो मध अपेक्षित धरावा, आणि तोही पोळ्यातील मधाची घरे मेणाने बंद झाल्यावरच काढावा. दमट हवेत कच्चा काढलेला मध लवकर आंबतो.

पोयाच्या माशीला नांगी नाही. जांभ्या दगडाच्या गडग्यातील, म्हणजे कुंपणाच्या भिंतीतील, भोकातून बाहेर आलेली, राळ आणि मेण यांची बोटभर नळी दिसली, तर आत तिची वसाहत असते. डिवचल्यास ती केसांत शिरते, बारीक चावते, एवढेच. ज्या घरात लहान मुले आहेत किंवा कुणाला मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आहे, तेथे मी निःशंकपणे हीच सुचवेन. मध वर्षाला काही शे ग्रॅम मिळतो, तो पातळ व आंबटसर असतो. परसातील भाजीपाल्याचे परागीभवन हा तिचा खरा लाभ होय.

सातेरी निवडल्यास झाडाच्या ढोलीतील वसाहत स्वतः पकडण्यापेक्षा जवळच्या अनुभवी मधपाळाकडून, पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, अंडी घालणारी राणी पाहून भरलेली पेटी घ्यावी. शक्य असल्यास दोन पेट्या घ्याव्यात, कारण एकीची राणी गेली तर दुसरीतील अंड्यांची चौकट देऊन तिला नवी राणी करू देता येते.

जात कोणतीही घेतली तरी शेजारच्या आंब्याच्या कलमांवरील फवारणीचा धोका सारखाच राहतो. तुडतुड्यांसाठी मोहोरावर मारले जाणारे कीटकनाशक नेमके मधाच्या हंगामात येते, आणि एका सकाळच्या फवारणीने बाहेर गेलेल्या माश्या परतत नाहीत. पेटी आणण्यापूर्वीच बागायतदार शेजाऱ्याशी बोलून आदल्या दिवशी कळवण्याचे कबूल करून घ्यावे, म्हणजे संध्याकाळी माश्या परतल्यावर दाराला हवा खेळेल अशी जाळी लावता येते आणि पेटी सावलीत ठेवून ती दुसऱ्या संध्याकाळी उघडता येते.