गुलमर्गची ग्रुप 'बॅककंट्री स्की टूर' : टोकन भरायच्या आधी हे वाचा

पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये दर हिवाळ्यात 'अफरवट सर्किट' की असंच काहीतरी नाव असलेलं एक पोस्टर फिरतं, गुलमर्गला बॅककंट्री स्की टूर, पूर्ण डोंगराला फेरी, सर्टिफाइड गाईड, सगळं इक्विपमेंट, इन्शुरन्स, गोंडोला (तिथला रोपवे) तिकीट सगळं इन्क्लुडेड. आम्ही आठ जण त्यात गेलो. माणशी ६८ हजार. त्यातल्या ज्या ज्या गोष्टीवर जीव अवलंबून असतो ती प्रत्येक गोष्ट खोटी निघाली. ऑर्गनायझरचं नाव टाकत नाहीये कारण ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय, पण तो हे सगळं कसं करतो ते नीट लिहिते.

ज्यांनी केदारकांठा वगैरे विंटर ट्रेक केलेत त्यांना वाटेल की बर्फ तर आम्हीही बघितलाय, पण हे वेगळं प्रकरण आहे. रिसॉर्टमध्ये स्की करता तेव्हा उतार दाबून सपाट केलेला असतो, गस्त घालणारे स्की पेट्रोलचे लोक लक्ष ठेवून असतात. बॅककंट्री म्हणजे त्या हद्दीच्या बाहेर, जिथे बर्फ कोणी हातही लावलेला नसतो. गुलमर्गला गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला कोंगडोरी या मधल्या स्टेशनवरून अफरवट डोंगराच्या कड्याजवळ साधारण ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, तिथे अ‍ॅव्हलांच (हिमस्खलन) कंट्रोल करतात ते मुख्यतः गोंडोलाखालच्या बोलमध्ये, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट उतारावर. त्या हद्दीच्या दोराच्या पलीकडे गेलात की तुम्ही आणि तुमचा ग्रुप, बस. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटला हापतखुडच्या बाजूला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन गेला. त्याआधी फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले होते, आणि ती तर बर्फात राहायचं शिक्षण देणारी संस्था. म्हणून इथे गाईड खोटा असणं आणि हॉटेल खोटं असणं या दोन गोष्टी एका तराजूत टाकता येत नाहीत.

आता ऑर्गनायझर. मराठी माणूस, बोलायला अतिशय गोड, पहिल्या फोनपासून 'ताई', 'दादा', 'आपलीच माणसं आहात'. सह्याद्रीत ट्रेक नेतो, त्याचे ट्रेक केलेले लोक ओळखीचे निघतात, आणि त्याच ओळखीवर तो हे विकतो. मी आधी गुलमर्गला स्कीचा कोर्स केलेला त्यामुळे मी बरेच प्रश्न विचारले होते, त्याची उत्तरं त्याने एकदम बरोबर दिली. ट्रान्सीव्हर म्हणजे बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) तीन अँटेनाचे, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाला, टूरिंग बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा भाग), स्किन्स (चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या), रोज सकाळी बीकन चेक. गाईड म्हणे आयएफएमजीए, म्हणजे माउंटन गाईडच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सर्टिफिकेट असलेला. शब्द सगळे पाठ. गाईडचं कार्ड मागितलं तर 'तो सध्या क्लायंटसोबत वर आहे, नेटवर्क नाही, आला की पाठवतो' आणि मग एका सर्टिफिकेटचा फोटो आला ज्यावर नावाचा भाग कापलेला. परत विचारलं तर 'ताई, प्रायव्हसी असते ना त्यांची'.

पैसे भरायच्या वेळी घाई. दोन सीट उरल्यात, आज रात्री बारापर्यंत बॅलन्स नाही आला तर वेटिंगवाल्याला देतो. यूपीआयवर नाव कंपनीचं न येता एका बाईचं यायचं, विचारलं तर अकाउंट्स बघणारी आहे म्हणाला. जीएसटीचं बिल आजपर्यंत आलेलं नाही. आणखी एक, त्याने ग्रुपवर लिहिलं होतं की प्रत्येक टीमला सॅटेलाइट कम्युनिकेटर देणार. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, याच कारणावरून विमानतळांवर परदेशी पर्यटकांना पकडलंय. म्हणजे एकतर तो देणार नव्हता किंवा देऊन आपल्याला अडकवणार होता, हे वाक्य पोस्टरवर दिसलं की तिथेच थांबा.

श्रीनगरला उतरलो तिथून सगळं उसवत गेलं. गुलमर्गमधलं सेंट्रल हीटिंगचं हॉटेल 'ओव्हरबुक झालं' म्हणून आम्हाला खाली टंगमर्गला ठेवलं, तिथून रोज साखळ्या लावलेल्या गाडीने वर जायचं, त्या गाडीचे पैसे वेगळे. बऱ्याच जणांचे प्रीपेड सिम, जे काश्मीरमध्ये चालत नाहीत, हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे अर्ध्या ग्रुपला घरी फोनही करता येईना आणि त्याला जाबही विचारता येईना. चिल्ले कलानचे, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडाक्याच्या थंडीचे दिवस, खोलीत एक हीटर, तोही लाइट गेली की बंद. हॉटेलचा म्हातारा नोकर मात्र देवमाणूस, न सांगता दोन कांगड्या (निखाऱ्यांच्या छोट्या शेगड्या) आणून ठेवल्या त्याने.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. खरा प्रकार दुसऱ्या दिवशी सकाळी कळला, सामान वाटलं तेव्हा.

ग्रुपमध्ये म्युनिकला राहणारे एक मराठी काका होते, सुट्टीत घरी आलेले आणि इथून थेट काश्मीरला, ते दर हिवाळ्यात आल्प्समध्ये टूरिंग करतात. त्यांनी स्की हातात घेतली, बाइंडिंग बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोललेच नाहीत. बाइंडिंग साधं रिसॉर्टचं होतं. टूरिंगच्या बाइंडिंगमध्ये चढताना टाच मोकळी होते, पुढचा पंजा तेवढा अडकलेला राहतो, म्हणून तर माणूस स्की घालून डोंगर चढू शकतो. यात टाच उचलतच नव्हती. म्हणजे या स्कीवर टूर होऊच शकत नाही. स्किन्स मागितल्या तर एका पोत्यातून तीन जोड्या निघाल्या, दुसऱ्याच कुठल्या तरी रुंद स्कीसाठी कापलेल्या, गोंद सुकून पापुद्रे झालेला, हाताला चिकटायच्या ऐवजी हातावर भुगा पडत होता.

मग बीकन. आठ माणसांत तीन. बाकीच्यांना तो म्हणाला तुमच्या जॅकेटमध्ये रेको आहे ना, मग चालतं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. रेको म्हणजे कपड्यात शिवलेला छोटा परावर्तक, त्यातून स्वतःहून काहीही सिग्नल जात नाही, तो शोधायला रेस्क्यू टीमकडे वेगळं डिटेक्टर लागतं आणि ती टीम पोचेपर्यंत किती वेळ जाईल सांगता येत नाही. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, नंतर ती झपाट्याने कमी होते, म्हणजे शोधणार कोण तर शेजारी उभा असलेला साथीदार, आणि त्याच्याकडे बीकन, प्रोब, फावडं तिन्ही पाहिजे, आणि गाडलेल्याच्या अंगावरही बीकन चालू पाहिजे. दोघांपैकी एकाकडे नसलं तरी संपलं.

त्या तीनपैकी एकाचं बॅटरीचं झाकण काकांनी उघडलं तर आत स्प्रिंगवर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, सेल कधीतरी आतच फुटलेला. दुसरा चालू झाला. काकांनी तो ट्रान्समिटवर (सिग्नल सोडत) ठेवून मला वीस-पंचवीस पावलं लांब बर्फात पाठवलं आणि तिसरा स्वतःच्या हातात सर्चवर धरून माझ्याकडे चालत आले. सगळे बीकन जगभर ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी अंतराचा आकडा उतरत यायला हवा. तो आकडा मधेच यायचा, गायब व्हायचा, बाण डावीकडे-उजवीकडे नाचायचा, आणि ते माझ्यापासून हातभर अंतरावर आले तेव्हा स्क्रीन कोरी होती. मी उघड्यावर उभी होते, डोळ्यांना दिसत होते, तरी त्या यंत्राला सापडत नव्हते.

ठाण्याचं एक जोडपं होतं त्यातली ती तिथेच रडायला लागली.

गाईड म्हणून जो आला तो विशी-बाविशीचा काश्मिरी मुलगा, गोल्फ कोर्सच्या उतारावर नवशिक्यांना स्की शिकवणारा. त्याला काकांनी सरळ विचारलं, आज अफरवटच्या मागे नेणार का आम्हाला, तो घाबरलाच. 'जनाब, मुझे तो बोला था बिगिनर लोग हैं, दो दिन सिखाना है. उधर मैं खुद कभी नहीं गया.' त्याचे मागच्या ग्रुपचे पैसेही अजून दिलेले नव्हते. मला या मुलाबद्दल काही तक्रार नाही, उलट तो खोटं बोलला असता आणि आम्हाला घेऊन निघाला असता तर आज हे लिहायला मी असते की नाही माहीत नाही.

आणि ती 'पूर्ण डोंगराला फेरी'. गोंडोलाजवळ एका जुन्या स्थानिक गाईडला आम्ही पोस्टर दाखवलं, त्याने नकाशावर बोट ठेवून सांगितलं की कड्याच्या पलीकडे लष्कराचा भाग आहे, पुढे नियंत्रण रेषा, तिकडून फेरी मारायला कोणीही सोडत नाही. लोक जातात ते अलीकडच्या बाजूने, कड्यावर थोडं चालून एखाद्या बोलमध्ये उतरायचं आणि खाली द्रुंग नाहीतर बाबारेशी या गावांकडे निघायचं. म्हणजे जी टूर विकली ती टूर अस्तित्वातच नाही. हे गुलमर्गमध्ये कोणालाही विचारलं तरी कळतं, पुण्यात बसून कळत नाही, आणि त्याचा सगळा धंदा या अंतरावर चालतो.

आम्ही त्याला फोन लावला. आधी म्हणाला गोंडोलाने वर जाणारच आहात तर चढायचंय कशाला, म्हणजे स्किन्स लागतात कशाला. मग म्हणाला बाकीचं सामान उद्या येतंय. मग म्हणाला गोंडोलाची तिकिटं संपलीत, हवी असतील तर माणशी चार हजार कॅश द्या, सोय करतो. तिकिटं ऑनलाइन निघतात आणि सीझनमध्ये आधीच संपतात, त्याने आमची काढलेलीच नव्हती. शेवटी आवाज बदलला. 'वेदर इश्यूमध्ये रिफंड नसतो, टर्म्स वाचा.' बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

त्याच रात्री त्याने ग्रुपवरचे स्वतःचे मेसेज एकेक करून डिलीट फॉर एव्हरीवन करायला सुरुवात केली. नाशिकची एक मुलगी फार हुशार, तिने सकाळीच सगळं चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल केलं होतं, आज आमची निम्मी केस त्यावर उभी आहे. इन्शुरन्सचं पीडीएफ दिलं होतं त्यावरच्या पॉलिसी नंबरवरून तिने कंपनीच्या टोल फ्रीला फोन केला, तर ती साधी देशांतर्गत प्रवासाची पॉलिसी, नावं तिघांचीच, आणि विंटर स्पोर्ट्स त्यातून स्पष्ट वगळलेले.

परत आल्यावर जे केलं ते सांगते कारण लोकांना वाटतं काश्मीरमधली भानगड म्हणजे तिकडेच खेटे घालावे लागतील. तसं नाहीये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने आठपैकी तिघांना थोडे थोडे पैसे परत केले आणि त्याबदल्यात 'आता तक्रार नाही' असं लिहून मागितलं. तिघांनीही लिहून दिलं नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

जायचंच असेल तर जरूर जा, अफरवटचा बर्फ खरंच तसाच आहे जसा ऐकलाय आणि तिथले चांगले गाईड फार चांगले आहेत. फक्त पैसे द्यायच्या आधी गाईडशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला, ऑर्गनायझरला मधे न घेता. आयएफएमजीए म्हणत असेल तर कार्डाचा नंबर घ्या आणि त्यांच्या साइटवर नाव शोधा. बेसिक स्की कोर्स किंवा गिर्यारोहणाचा बेसिक ए ग्रेडने केलेला माणूस हा स्की गाईड नसतो, हे दोन्ही चांगले कोर्स आहेत पण ते तुम्हाला शिकवतात, दुसऱ्याला हिमस्खलनाच्या उतारावर न्यायचं लायसन्स देत नाहीत. तुम्हाला मिळणार त्याच बीकनचा आणि बाइंडिंगचा फोटो मागा, नेटवरचा नको, त्यावर आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून काढलेला. आमच्या पोस्टरवरच्या फोटोत मागे लाकडी अल्पाइन हट दिसत होती, तशी हट अफरवटवर कुठेच नाही. पॉलिसीवर स्वतःचं नाव आणि 'ऑफ पिस्ट' (तयार केलेल्या उताराबाहेरचं) किंवा बॅककंट्री स्कीइंग कव्हर असल्याचं इन्शुरन्स कंपनीकडून लेखी घ्या. तिथे पोचल्यावर सकाळी बीकन चेक न करता कोणी निघत असेल तर तुम्ही निघू नका, पैसे गेले तरी चालतील.

त्याचा तोच नंबर आता दुसऱ्या नावाने हिमाचलच्या एका टूरच्या पोस्टरवर आलाय, फोटो तेच, हटही तीच. कोणी त्याला टोकन भरलं असेल तर आजच बँकेला कळवा आणि १९३० वर सायबरची तक्रार नोंदवा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि आधी कोणी फसलं असेल आणि ते दोन वर्षांच्या आतलं असेल तर मला मेसेज करा, आमच्या वकील बाई म्हणाल्यात की वेगवेगळ्या ग्रुपचे लोक एकत्र आले तर आयोगासमोर त्याची पद्धत दाखवता येईल.