श्राद्धाचा स्वयंपाक घरपोच : दांडिया बाजारातलं एक घरगुती केंद्र

श्राद्धाच्या स्वयंपाकाची खरी परीक्षा मिठात. पितरांचं पान वाढून होईपर्यंत काही चाखायचं नाही, म्हणून सगळं अंदाजावर चालतं आणि बरेचदा वरण अळणी, कढी खारट निघते. बडोद्याच्या या केंद्रात मीठ तोलून घालतात. कढीत ते जाणवतं.

पिंडाचा भात वेगळ्या डब्यात येतो: बिनमिठाचा, कोलमचा, वाटीला तीन वाट्या पाणी घालून मऊ शिजवलेला. हे फार महत्त्वाचं. बासमतीचा मोकळा भात आला, तर तीळ-मध-तूप घालून कितीही मळा, पिंड फुटतो. भात पार गार झाला तरी तेच. अशा वेळी दुधाचा हबका मारून मळावा.

खीर मागवताना बडोद्यात एक घोळ हमखास होतो. ‘श्राद्धाची खीर’ म्हटलं की पुष्कळ जण दूधपाक देतात: आटवलेलं दूध, नावाला तांदूळ, वर चारोळी आणि केशर. पदार्थ झकास, पण आपली खीर नव्हे. इथे ऑर्डर घेतानाच विचारून घेतात. लिटरभर दुधाला साधारण 50 ग्रॅम तांदूळ, तुपावर परतलेले. साखर तांदूळ पुरते शिजल्यावरच, नाहीतर कणी टणक राहते. निवली की ही खीर थापल्यासारखी होते, तेव्हा वाटीभर गरम दूध हाताशी असू द्या.

वडे मात्र निराश करतात. उडदाची डाळ चार तास भिजवून, जेमतेम पाण्यात वाटून, मधे भोक पाडून तळलेले. तेल अजिबात प्यालेले नसतात. पण गरमागरम वडे घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडले की वाफेने मऊ पडणारच. कागद घातलेल्या उघड्या टोपलीत द्या, असं आवर्जून सांगावं लागतं.

आमसुलाची चटणी अव्वल: गूळ, जिरं, मिरची, आंबटपणा न दडपता. गवार, कारलं, भोपळा, अळू ठीक. कांदा-लसूण, मसूर स्वयंपाकघरातच नाही.

वेळ सांगताना ‘बारापर्यंत’ एवढंच सांगू नका. श्राद्ध कुतपकाळात करायचं; हा काळ म्हणजे दिवसाच्या पंधरा मुहूर्तांपैकी आठवा. सूर्योदय सहाचा धरला तर तो 11:36 ते 12:24 येतो, पण भाद्रपदात बडोद्याचा मध्यान्हच साडेबाराच्या सुमारास असतो. म्हणजे कुतप बारा वाजून गेल्यावर सुरू होऊन पाऊण-एकच्या आसपास संपतो. नेमकी वेळ गुरुजींना विचारून डबा त्याआधी अर्धा तास मागवा. दहालाच आणून ठेवला, तर त्या दमट उकाड्यात कोमट भात-खीर दुपारपर्यंत टिकण्याची खात्री नाही.

सर्वपित्रीला इथे गर्दी उसळते आणि भाज्यांचे मोजके प्रकारच मिळतात. काकबळीचं पान मात्र त्या दिवशीही वेगळं बांधून देतात, वड्यासकट.